रक्तातले दहा दिवस

त्रिशलाच्या प्लेटलेट्स दोन लाख चाळीस हजार होत्या. डेंग्यूच्या साथीत एवढा आकडा आला असता तर डॉक्टरांनी पाणी भरपूर प्या म्हणून घरी पाठवलं असतं. मिरजेच्या हॉस्पिटलात पडद्यावर तो आकडा बघितला आणि मला वाटलं, आता ही वाचली.

मी वीज मंडळात वायरमन होतो. टेस्टर पेटतो, मीटर दोनशे तीस दाखवतो, आणि लोड टाकला की मोटर उचलत नाही, हे मी आयुष्यभर बघत आलो. पण स्वतःच्या बायकोच्या वेळेला ते आठवलं नाही. आकडा बघितला आणि खुर्चीत बसलो.

आम्ही तासगावचे. त्रिशला माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, त्यात नवल नाही. लहानपणी ती मला नावानं हाक मारायची, लग्नानंतर अहो म्हणायला लागली. राग आला की मात्र "आत्तीचं पोरगं ते, ऐकायचं नाही" असं माझ्यासमोरच भिंतीला सांगायची. तिची आत्ती म्हणजे माझी आई.

एप्रिल महिना होता. त्रिशलानं गच्चीवर सांडगे वाळत घातले होते. परात घेऊन खाली येताना शेवटच्या दोन पायऱ्यांवर तिचा पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू धुण्याच्या दगडावर आपटली. मी पळत गेलो तोवर ती उठून बसली होती.

"सांडगे सांडले काय ओ?"

"सांडगे गेले खड्ड्यात. डोकं दाखव."

"काय झालेलं नाही. आधी ते उचला, कावळे येतील."

रक्त आलं नव्हतं. नुसतं टेंगूळ. मी सांडगे उचलले. तिनं केस पुन्हा बांधले, माझं ताट वाढलं आणि जेवण झाल्यावर नेहमीसारखं ताक दिलं. ताक ती स्वतःच घुसळायची, जिरं आणि हिंग घालायची, आणि पेला हातात देऊन समोर उभी राहायची. "एका दमात प्या, खाली राहू देऊ नका." गेली तीन वर्षं रोज हेच वाक्य. मी एका दमात प्यायलो. ती पेला घेऊन वळली आणि मोरीपाशी जाऊन तिला उलटी झाली. दुसरी उलटी झाली तेव्हा ती मला ओळखत होती, पण बोलताना शब्द ओढत होती. ॲम्ब्युलन्समध्ये ती झोपली. मी हाका मारत राहिलो.

मिरजेला डॉ. घोरपडे होत्या. वयानं आमच्या सन्मतीएवढ्या. सन्मती आमची एकुलती एक मुलगी, पुण्याला असते. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. कवटीच्या आत एक डाग होता, लिंबाएवढा. फोटोत रक्त पांढरं दिसतं.

"रक्त अजून झिरपतंय, काका. ते थांबल्याशिवाय कवटी उघडता येणार नाही."

"पण प्लेटलेट्स तर भरपूर आहेत."

"आहेत. पण काम करत नाहीत."

मी पपईच्या पानांच्या रसाचं विचारलं. आमच्या गल्लीत डेंग्यूला तोच देतात. डॉक्टर हसल्या नाहीत. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी समजावून सांगितलं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

रक्तवाहिनी फुटली की प्लेटलेट्स धावत जातात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. त्यांच्या पोटात हाका मारायचं रसायन असतं. पहिली पोचली की ती रसायन सोडून बाकीच्यांना बोलावते. पण मेंदूला मार लागला की मेंदूतलं काही द्रव्य रक्तात मिसळतं. त्यामुळे अंगभर सगळ्याच प्लेटलेट्सना वाटतं, इथेच जखम आहे. जखम नसताना त्या जाग्या होतात आणि जवळचं रसायन उधळून बसतात. खऱ्या जखमेपाशी पोचतात तेव्हा त्यांच्याजवळ काही उरलेलं नसतं. नुसत्या वाहत राहतात. मोजायला गेलं तर सगळ्या हजर.

"मग दुसऱ्याच्या द्या."

"रक्तपेढीतल्या दोन पिशव्या दिल्या. त्या साठवलेल्या असतात, आधीच मंद झालेल्या. आणि आत गेल्या की त्याही तशाच बधिर होतात. म्हणून तर जागर आहे."

जागर म्हणजे खाटेशेजारचं यंत्र, कपाटाएवढं. त्याला दोन नळ्या. एक देणाऱ्याच्या हातात, एक घेणाऱ्याच्या. देणाऱ्याचं रक्त आत जातं, ताज्या प्लेटलेट्स वेगळ्या होतात, बाकीचं रक्त त्याचं त्याला परत. त्या प्लेटलेट्सवर यंत्र एक पातळ लेप चढवतं, त्यामुळे मेंदूतलं ते द्रव्य त्यांना चार-पाच तास फसवू शकत नाही. तेवढ्या वेळात रक्त थांबतं आणि ऑपरेशन करता येतं. अट एकच. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त आतून जुळायला पाहिजे. नुसता रक्तगट नव्हे, पेशींवरच्या खुणा. त्या आता सगळ्यांच्या आरोग्यकार्डावर असतात.

"नवरा-बायकोचं सहसा जुळत नाही," डॉ. घोरपडे पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तुमचं मात्र चांगलं जुळतंय. नात्यातलं लग्न का?"

"मामाची मुलगी."

"बरं झालं. पुण्याहून मुलगी येईपर्यंत थांबावं लागणार नाही. तुमच्या हृदयात स्टेंट आहे, पण जागरला फार रक्त लागत नाही, चालेल. गेल्या दहा-बारा दिवसांत कुठली गोळी? दुखण्यावरची, सर्दीची, काहीही?"

"नाही. मला गोळीचा नियम आहे."

आम्ही जैन. आमच्यात मुनी महाराजांसमोर नियम घेतात. कुणी रात्रीचं जेवण सोडतं, कुणी कंदमूळ सोडतं. एकदा घेतला की तो जन्मभर पाळायचा. स्टेंट बसला तेव्हा मला मूठभर गोळ्या दिल्या होत्या आणि मी त्या वर्षभर घेतल्या. मग माझी आई गेली. शेवटचे दोन महिने तिच्या पोटात अन्नापेक्षा गोळ्या जास्त गेल्या. त्या चातुर्मासात बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, मी उभा राहिलो आणि गोळी सोडली. महाराजांनी विचारलं, विचार केलायस का? मी हो म्हणालो. त्रिशला बायकांच्या बाजूला बसली होती. घरी आल्यावर तिनं चार दिवस माझ्याशी अबोला धरला. नंतर विषय संपला, असं मला वाटलं.

माझ्या बोटातून रक्त घेऊन त्यांनी जागरमध्ये घातलं. हिरवा दिवा लागला की प्लेटलेट्स जाग्या, पिवळा म्हणजे झोपलेल्या. पिवळा लागला.

डॉ. घोरपडेंच्या कपाळाला आठी पडली. "काका, ॲस्पिरिन घेता का? यंत्र ॲस्पिरिन म्हणतंय."

"सांगितलं की. नियम आहे."

"एखाद वेळेस डोकं दुखलं म्हणून?"

"ताई, माझी बायको आत पडलीय. मी खोटं कशाला बोलू? तुमच्या यंत्राला अर्थिंग बरोबर नसेल, ते तपासा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्याही याच भागातल्या, नियम म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. यंत्र खोटं पडू शकतं, नियमाचा माणूस कशाला खोटं बोलेल, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांनी टेक्निशियनला यंत्र धुऊन पुन्हा लावायला सांगितलं. त्यात वेळ गेला. मग माझं रक्त पुन्हा घेतलं. पुन्हा पिवळा. मग टेक्निशियननं स्वतःच्या बोटाला टोचून स्वतःचं रक्त घातलं. हिरवा.

तोवर काचेपलीकडे त्रिशलाच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, म्हणजे मेंदूवरचा दाब वाढला होता.

सन्मती निघाली होती. गाडी चालकाशिवाय आपली आपण चालत होती, त्यामुळे ती सारखा फोन करत होती. या वेळी डॉ. घोरपडेंनी फोन स्पीकरवर घेतला.

"सन्मती, तुझ्या पप्पांच्या प्लेटलेट्स आम्हाला हव्या होत्या. पण त्यांच्या रक्तात ॲस्पिरिनची खूण दिसतेय आणि ते नाही म्हणतात. तुला काही माहीत आहे?"

फोनमध्ये नुसता रस्त्याचा आवाज येत होता.

"सन्मती?"

"पप्पा आहेत तिथे?"

"आहे," मी म्हणालो.

"ताकातून," ती म्हणाली. "आई रोज ताकातून देते. चुरून. मीच पाठवते गोळ्या. पप्पा, तिनं मला शपथ घातली होती."

माझ्या तोंडाला जिरं आणि हिंगाची चव आली.

डॉ. घोरपडेंनी मग अगदी हळू आवाजात सांगितलं. त्यांना माझी दया येत होती आणि ते मला नको होतं. म्हणाल्या, ॲस्पिरिन प्लेटलेटची हाक मारायची ताकदच बंद करतं. आपल्या दुसऱ्या पेशी बिघडलेला भाग नवा बनवतात. प्लेटलेटला केंद्रक नसतं, तिला नवं काही बनवता येत नाही. एकदा गोळी लागली की ती प्लेटलेट मरेपर्यंत तशीच. दहा दिवस जगते. रोज थोड्या मरतात, थोड्या नव्या येतात. म्हणून माणसानं दहा दिवसांत काय घेतलं ते रक्त सांगतं, माणसाला माहीत असो नसो.

"त्यांनी ते तुमच्या हृदयासाठी केलं, काका. तीन वर्षं तुम्हाला काही झालं नाही, ते बहुतेक त्यामुळेच."

"आता काय?"

"आता मुलगी येईपर्यंत वाट बघायची."

सन्मती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात. वॉर्डातल्या मावशीनं मला डबा आणून दिला होता, तो तसाच होता. सन्मतीनं माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ आत गेली, बाही वर केली आणि यंत्रासमोर हात धरला. हिरवा लागला. नळीतून पिवळसर पाणी तिच्या आईकडे जाताना मी काचेतून बघितलं. रक्त थांबलं. ऑपरेशनही झालं. पण लिंबाएवढा डाग तोपर्यंत मुठीएवढा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशला गेली.

मी डॉ. घोरपडेंना एकच विचारलं. यंत्र धुण्यात वेळ गेला नसता तर?

"सांगता येत नाही, काका. खरंच नाही सांगता येत."

त्या खोटं बोलल्या असत्या तरी मला चाललं असतं.

घरी माणसं आली, गेली. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली. नंतर मी आणि सन्मती दोघंच उरलो. ती स्वयंपाक करायची, मी ताटावर बसायचो. ती पाणी द्यायची. ताक नाही. बोलायला विषय एकच होता आणि तो कुणी काढत नव्हतं.

शेवटी तीच बोलली. मी वाळलेले सांडगे डब्यात भरत होतो.

"मीच मारलं तिला, असं वाटतं तुम्हाला. तर तसं म्हणा एकदा."

"वेडी आहेस काय?"

"गोळ्या मी पाठवल्या."

"मागितल्या कुणी?"

"आईनं. पण पाठवल्या मी. आणि तुम्हाला सांगितलं नाही. एकदा जरी सांगितलं असतं तर तुम्ही त्या दिवशी यंत्राशी भांडत बसला नसता."

"सांगितलं असतंस तर मी ताकच सोडलं असतं. मग मलाच आधी पोचवून आला असता तुम्ही."

ती रडता रडता हसली. आईसारखीच हसते, नाक वर करून. मग डोळे पुसून म्हणाली, "ती गूळ का खात नव्हती, माहीत आहे तुम्हाला?"

त्रिशलाला गूळ फार आवडायचा. लहानपणी मामाच्या घरी गुऱ्हाळ असायचं, तेव्हा ती कढईच्या काठाचा गरम गूळ खरवडून खायची आणि बोटं भाजून घ्यायची. गेली काही वर्षं मात्र पुरणपोळी करायची, आम्हाला वाढायची आणि स्वतः भाकरी खायची. मला वाटलं, साखर वाढली असेल. विचारलं तर म्हणायची, "आता तोंडाला बरा लागत नाही."

"तुमचा नियम ती रोज मोडत होती ना," सन्मती म्हणाली. "त्याचं पाप तुम्हाला लागू नये म्हणून तिनं बस्तीत जाऊन गूळ सोडला. मी म्हटलं, आई, हा काय हिशेब आहे? तर म्हणाली, तुला नाही कळायचं. तुझा बाप देवाचं ऐकतो, माझं ऐकत नाही. मग मीच देवाशी बोलून घेतलं."

सांडग्यांचा डबा मी बंद केला. झाकण नीट बसत नव्हतं. किती तरी वेळ ते बसवत राहिलो.

डॉ. घोरपडेंनी सांगितलेले दहा दिवस माझ्या डोक्यात बसले होते. त्या दिवशीचं ताक त्रिशलानं दिलेलं शेवटचं. त्यानंतर माझ्या अंगात रोज नव्या प्लेटलेट्स येत होत्या, गोळी न लागलेल्या, आणि जुन्या जात होत्या. ते मला कळत नव्हतं, काही दुखत नव्हतं, पण मी ताटावर बसलो की तेच मनात यायचं. दहा दिवस उलटल्यावर छाती दाखवून येतो असं सन्मतीला सांगून मी मिरजेला गेलो.

मी डॉ. घोरपडेंसमोर हात धरला. त्यांनी बोटाला टोचलं. यंत्र घरघरलं. हिरवा दिवा लागला, लखलखीत.

"सगळ्या जाग्या आहेत, काका."

"म्हणजे आता काहीच उरलं नाही?"

"कशातलं?"

"तिनं दिलेल्यातलं."

त्यांनी हातातला कापूस माझ्या बोटावर दाबून धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी जायला उठलो तर त्या घुटमळल्या. आत एक बाई होती. कवठेमहांकाळकडची, बेदाणा शेडवर कामाला जाणारी, जीपमधून मागं पडलेली. तिच्याशी जुळणारा भाऊ दुबईला. कार्डावर मी जुळत होतो. "तुम्हाला विचारायला मला कसंतरीच वाटतं. नाही म्हणालात तरी चालेल."

मी बाही वर केली. त्रिशलाच्याच खाटेशेजारी बसलो. त्या बाईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, नळीसाठी दोन वाढवल्या होत्या. माझ्या हातातून गेलेलं तिच्या हातात उतरताना मी बघत होतो. मनात एकच येत होतं, आता काय उपयोग, आणि लगेच वाटायचं, हिच्या घरी कुणीतरी असेल की. संध्याकाळच्या आत तिचं रक्त थांबलं. तिचा नवरा माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा मी त्याला हातानंच थांबवलं आणि निघालो. मला बरं वाटलं होतं, खोटं सांगत नाही. स्टँडवर तासगावची गाडी लागली, सुटली, आणि मी बाकावरच रडत बसलो होतो.

घरी येऊन सन्मतीला सांगितलं. हेही सांगितलं की डॉक्टर मला देणाऱ्यांच्या यादीत ठेवायला तयार आहेत, गोळी घ्यायची नाही एवढीच अट.

ती भाजी चिरत होती. विळी आडवी केली.

"आईला देता आलं नाही म्हणून आता सगळ्या तालुक्याला देत सुटणार?"

"एक बाई वाचली, सन्मती."

"चांगलं झालं. आणि तुम्हाला झटका आला की मी कुणाला फोन करू? तुमच्या यंत्राला?" तिचा आवाज चढला. "तीन वर्षं ती रोज पेला घेऊन उभी राहिली, पप्पा. पडल्यावरसुद्धा. डोकं फुटलेलं असताना तिनं आधी तुमची गोळी चुरली."

ते मला माहीत होतं. पण मोठ्यानं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस्तीत गेलो. महाराज विहार करत कर्नाटकात गेले होते, नियम परत करायला कुणी नव्हतं. मूर्तीसमोर उभा राहिलो. शेवटी गूळ सोडला आणि घरी आलो. वाटेत डॉ. घोरपडेंना फोन करून यादीतून नाव काढायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंत."

जेवण झालं. सन्मती ताटं उचलायला लागली.

"ताक कर थोडं," मी म्हणालो.

ती थांबली. मग तिनं रवी काढली. तिच्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी होती, ती तिनं माझ्यासमोर ओट्यावर ठेवली.

"अशीच देऊ पाण्याबरोबर? आता लपवायचं काय आहे?"

"नको. ती करायची तसं कर."

मी उठून दारात गेलो आणि अंगणाकडे तोंड करून उभा राहिलो. धुण्याचा दगड उन्हात तापला होता. मागे पट्टी फाटल्याचा आवाज आला, मग वाटीत चमचा घासल्याचा, मग रवीचा. आवाज थांबेपर्यंत मी वळलो नाही.

सन्मती पेला घेऊन समोर आली आणि तिथंच उभी राहिली. मी प्यायलो. एका दमात, खाली काही राहू दिलं नाही.